कोरड्या महिन्यात चढलेला सूर

पियानो माणसाचं ऐकत नाही, हवेचं ऐकतो. तीस वर्षं हे वाक्य मी घरोघर ऐकवत आलोय, आणि घरोघर लोकांनी मान डोलावून पियानो पुन्हा खिडकीखालीच ठेवलाय. कोणी त्यावर कुंड्या मांडतं, कोणी शेजारी ओले टॉवेल वाळत घालतं. मग सूर बिघडला की मला फोन. मी जातो, आधी मालकाला फैलावर घेतो, मग पियानो लावतो. तोंडाळ म्हणून माझी ख्याती आहे आणि खरं सांगायचं तर ती मला आवडायची.

गोष्ट सोपी आहे. उभ्या पियानोच्या पाठीला एक मोठी, पातळ लाकडी फळी असते. सगळा आवाज तिचा. हवा दमट झाली की ती फळी फुगते, तारांना रेटते आणि सूर चढतो. हवा कोरडी पडली की ती आकसते आणि सूर उतरतो. असं वर्षानुवर्षं चाललं की फळीला चीर जाते, तारांना गंज धरतो, खुंट्या सैल होतात, आणि चांगलंचुंगलं वाद्य भंगारात निघतं. म्हणून मी प्रत्येक गिऱ्हाइकाकडे वर्षातून तीनदा जातो. दर वेळी पियानोच्या आत चिकटवलेल्या कार्डावर तारीख, खोलीतला दमटपणा आणि सूर किती सरकला ते लिहून ठेवतो.

माझ्या ताईच्या पियानोचं कार्ड एकोणीस वर्षांचं होतं. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. ती पियानो शिकवते आणि तिचं घर त्या शिकवणीवर आणि भाऊजींच्या कामावर चालतं. घर दुमजली. वरचा मजला जुन्या पद्धतीचा, लाकडी तुळयांवर फळ्या ठोकलेला. वर शिकवणीची खोली, आणि तिथे बाथरूमच्या भिंतीला लागून पियानो. भिंत आणि पियानो यांच्यात चार बोटं जागा सोडायची, हा माझा हुकूम. पियानो हलवायचा नाही, झाडायलासुद्धा नाही, हा दुसरा हुकूम.

खाली भाऊजींची खोली. ते पुस्तकं बांधतात. जुनी, फाटकी, पाठ सुटलेली पुस्तकं त्यांच्याकडे येतात आणि धडधाकट होऊन जातात. भिंतीशी छतापर्यंत मांडण्या, त्यांत कागद आणि पुठ्ठे रचलेले, आणि मांडण्यांना लागूनच त्यांचं टेबल. ते टेबल बरोबर पियानोच्या खाली यायचं. वर एखाद्या मुलीचं बोट चुकलं की भाऊजी खालून टेबलावर हातोडी आपटायचे, आणि बहुतेक वेळा बरोबर जागी आपटायचे. ताई वरून ओरडायची, "अहो, शिकवणी माझी आहे." भाऊजी म्हणायचे, "मग ऐकू येणार नाही असं शिकव."

गेल्या वर्षी कोरड्या महिन्यात मी नेहमीप्रमाणे गेलो. ओठ फुटतील अशी हवा होती. त्या आठवड्यात मी पाहिलेला प्रत्येक पियानो उतरलेला होता, आणि ताईचाही उतरलेलाच असणार म्हणून मी कोट काढायच्या आधीच खुंट्यांची किल्ली हातात घेतली. ट्यूनिंग फोर्क वाजवला, पट्टी दाबली आणि पुन्हा फोर्क वाजवला.

सूर चढला होता. थोडाथोडका नाही, मधल्या पट्ट्यांत तर भर दमट दिवसांत चढतो तेवढा. कार्डावर एकोणीस वर्षांत असं एकदाही झालेलं नव्हतं.

"ताई, या खोलीत कपडे वाळत घालतेस?"

"कोण घालतंय? मला काय गच्ची नाही?"

"मग कुकर आणून ठेवतेस का इथे? हा पियानो पाणी पितोय कुठूनतरी."

"बारा दिवसांवर परीक्षा आली आहे माझ्या मुलांची," ताई म्हणाली. "परीक्षक इथे येऊन याच पियानोवर ऐकणार आहेत. तुला काय शिव्या द्यायच्यात त्या मागाहून दे, आधी याला ठीक कर."

हा मुद्दा होता. गेल्या वेळच्या परीक्षेत पियानो आयत्या वेळी बिघडला होता, परीक्षकांनी तसं लिहून पाठवलं होतं, आणि चार मुलं शिकवणी सोडून गेली होती. या खेपेला तसंच झालं तर परीक्षेचं केंद्र ताईच्या घरून जाणार होतं. केंद्र गेलं की शिकवणीही गेल्यातच जमा.

असल्या दुखण्यावर माझ्याकडे इलाज आहे. पियानोच्या पोटात एक बारीक हीटरचा रॉड बसवायचा. आतली हवा दमट झाली की तो आपोआप सुरू होतो आणि फळी कोरडी ठेवतो. पाठीला जाड कापडाचं कव्हर ताणून बसवायचं, म्हणजे बाहेरचा दमटपणा फळीपर्यंत पोचत नाही. दुसऱ्या दिवशी मी सामान घेऊन आलो. ताई खाली कोणाशी तरी फोनवर बोलत होती. मी एकट्यानेच पियानो ओढून पुढे घेतला, आणि भिंत पाहिली.

परातीएवढा डाग होता. रंग फुगून आला होता आणि कडेला पांढरं मिठासारखं काहीतरी फुटलं होतं. मी हात लावला. भिंत गार होती, आणि बोट दाबलं तसा रंगाचा पापुद्रा सुटून आत ओल लागली. खाली, जिथे तुळयांची टोकं भिंतीत शिरतात, तिथली जमिनीची फळी काळी पडली होती. भिंतीपलीकडे बाथरूम. नळाची पाइप कुठेतरी आत गळत होती, हे कळायला कोणा इंजिनिअरची गरज नव्हती.

पियानो का चढला ते मला त्या क्षणी कळलं, आणि आधी काय वाटलं असेल तर हायसं वाटलं. माझं काम चुकलं नव्हतं. मग दुसरा विचार आला तो गवंड्याचा. गवंडी येणार, भिंत फोडणार, विटांची धूळ थेट तारांवर बसणार, पियानो खोलीबाहेर काढावा लागणार. हलवलेला पियानो स्थिर व्हायला दोन-तीन आठवडे घेतो. परीक्षा अकरा दिवसांवर. मी मनाशी ठरवलं, परीक्षा होऊन जाऊ दे, मग सांगू. अकरा दिवसांत काय आभाळ कोसळतंय?

मी कव्हर बसवलं, रॉड बसवला, पियानो मागे ढकलला आणि चार बोटं मोजली. ताई वर आली तेव्हा भिंत दिसत नव्हती.

जाताना खाली डोकावलो. भाऊजी एक पुठ्ठा उजेडात धरून बघत होते. तो वाळलेल्या भाकरीसारखा कडेने वर वळला होता.

"या, कानवाले," ते म्हणाले. मला ते याच नावाने हाक मारतात. "बघ जरा. महिनाभर हे असं चाललंय. पुठ्ठे वाकतात. दाबयंत्रात दोन दिवस ठेवले तरी बाहेर काढल्यावर पुन्हा वाकडे. आणि गंमत म्हणजे वरच्या फळीवरचेच. खालचे सरळ आहेत."

मी वर पाहिलं. मांडणी छताला टेकलेली होती आणि तिच्यावरचं छत कागदांच्या गठ्ठ्यांनी झाकलं होतं. त्या गठ्ठ्यांच्या वर दीड हातावर तो काळा डाग होता, आणि हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.

"खळ पातळ करताय तुम्ही," मी म्हणालो. "पाणी जास्त झालं की पुठ्ठा वाकणारच."

"असेल," भाऊजी म्हणाले. "म्हातारपण आलं, हाताचा अंदाज जातो." आणि त्यांनी खळीच्या पातेल्याकडे असं पाहिलं की मला तिथे थांबवेना. खोटं बोलायची मला सवय नाही. सवय नसलेला माणूस खोटं बोलतो तेव्हा फार सफाईने बोलतो, हे मला तेव्हा कळलं.

परीक्षा झाली. सगळी मुलं पास झाली. परीक्षकांनी पत्रात एक ओळ वेगळी लिहिली होती, की इतका सुरात असलेला घरगुती पियानो त्यांनी बऱ्याच वर्षांत ऐकलेला नाही. ताईने ते पत्र मला फोनवर दोनदा वाचून दाखवलं. मीही दोनदा ऐकलं.

मग मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. सांगायचं तर आधी हे सांगावं लागणार होतं की मला अकरा दिवस माहीत होतं. पुढच्या आठवड्यात सांगू म्हणता म्हणता अकराचे वीस झाले, विसाचे चाळीस. जितका उशीर होत गेला तितकं ते सांगणं अवघड होत गेलं. त्यातच पियानो असा शांत राहिला की विचारू नका. दमट महिने आले. इतर घरांतले पियानो बोंबलत होते, पट्ट्या अडकत होत्या, माझा फोन दिवसभर वाजत होता. ताईचा एक फोन नाही. ती ज्याला त्याला सांगायची, "माझ्या भावाने काय जादू केली आहे बघा." मी मिशीतल्या मिशीत हसायचो. पियानो ठीक आहे म्हणजे खोली ठीक आहे, असं मलाही वाटायला लागलं होतं. आपण स्वतःच त्याचं तोंड बांधलंय, हे मी सोयीस्करपणे विसरलो.

भाऊजी मधूनमधून भेटायचे तेव्हा खळीची गोष्ट काढायचे. "आता घट्ट करतोय. तरी वाकतायत." मग, "आता मैदा बदलला." मग, "आता दोनदा शिजवतो." बेचाळीस वर्षं खळ शिजवणारा माणूस माझ्या एका वाक्यावरून स्वतःवर शंका घेत बसला होता. त्यांनी टेबलावर एक मोठा दिवा आणून लावला होता आणि त्याच्या उबेत पुठ्ठे वाळवायचे. म्हणजे खाली ते पुठ्ठे वाळवत होते, वर मी पियानो वाळवत होतो, आणि मधल्या तुळया भिजत होत्या.

चार महिन्यांनी माझी ठरलेली खेप आली. सकाळचे अकरा. ताई स्वयंपाकघरात होती, खाली भाऊजींची हातोडी चालली होती. एखाद्या जाड पुस्तकाची पाठ गोल करत असावेत, त्या हातोडीची लय मला ओळखू येते. मी फोर्क वाजवला, पट्टी दाबली. सूर केसभर हललेला नव्हता. मी खूश होऊन पियानोचं वरचं झाकण उघडायला गेलो आणि ते उघडेना.

झाकण मागे पडायला जागा लागते. ती नव्हती. पियानोची वरची कड भिंतीला टेकली होती आणि तिने रंगावर ताजा ओरखडा काढला होता. मी वाकून खाली पाहिलं. खाली माझी चार बोटं जशीच्या तशी होती. वर एकही नव्हतं.

पियानो भिंतीकडे कलला होता. म्हणजे त्याच्या मागच्या चाकांखालची जमीन खचली होती.

मी भिंतीच्या कडेच्या पट्टीशी हात नेला. पट्टी आणि फळी यांच्यात फट पडली होती, आणि माझं बोट पेरापर्यंत आत गेलं. आतलं लाकूड ओल्या पावासारखं लागलं. माझ्या पायांखाली कुठेतरी बारीक करकर झाली. खाली हातोडी चालूच होती. मी एक पाऊल मागे घेतलं, मग दुसरं.

आता मी काय केलं ते नीट सांगतो, कारण हेच मला झोपू देत नाही. मी "बाहेर पळा, छत येतंय" असं ओरडलो नाही. मी दारात उभा राहून हाक मारली, "भाऊजी, जरा वर येता का?"

चहाला बोलवावं तसं. ओरडलो असतो आणि छत पडलं नसतं, तर तुला कसं कळलं, कधी कळलं, हे सगळं निघालं असतं. तेवढ्यातही मी हा हिशोब केला.

"खळ लावली आहे रे," खालून आवाज आला. "पाठ चिकटतेय. हातातलं सोडलं तर पुस्तक वाया जाईल. दोन मिनिटं."

"आत्ता या."

"दोन मिनिटं म्हटलं ना. पियानो कुठे पळून चाललाय?"

मी जिन्याकडे धावलो. अकरा पायऱ्या आहेत. सातव्या पायरीवर होतो तेव्हा वर लाकूड मोडल्याचा आवाज आला. फार मोठा नव्हता, जाड फांदी मोडावी तेवढाच. मग पियानोच्या सगळ्या तारा एकदम वाजल्या. लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी माझ्या कानांनी आधी काय टिपलं असेल, तर खालचे सूर उतरलेले नाहीत हे.

पियानो छतासकट खाली गेला होता. टेबलामुळे भाऊजी वाचले. जाड सागवानी टेबल, त्याने निम्मा भार घेतला. मांडण्या आडव्या झाल्या, कागदांचे गठ्ठे पडले, आणि धूळ खाली बसल्यावर भाऊजी टेबलाच्या कडेला बसलेले दिसले, जागच्या जागी, शुद्धीवर. उजवा हात टेबलावरच होता आणि पियानोची लोखंडी चौकट त्या हातावर होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "ही वर नव्हती ना?"

"नाही. स्वयंपाकघरात आहे."

"बरं झालं," ते म्हणाले. मग त्यांची शुद्ध गेली.

हात मनगटाच्या वरून काढावा लागला.

गवंडी येऊन गेला. पाइप दोन-तीन वर्षं झिरपत असावी, असं तो म्हणाला. एवढा भार त्या भिंतीशी होता आणि कोणालाच कसं काही कळलं नाही, याचं त्याला नवल वाटलं. ताई म्हणाली, "कसं कळणार? पियानो तर एक दिवस बिघडला नाही." ती हे माझ्याकडे पाहून म्हणाली, आणि तिच्या नजरेत माझ्याबद्दल नुसतं कौतुक होतं.

पंधरा दिवसांनी मी दुपारच्या भेटीच्या वेळी दवाखान्यात गेलो. ताई घरी कपडे आणायला गेली होती. भाऊजी उशीला टेकून बसले होते. बँडेज केलेला हात पांघरुणावर होता आणि ते त्याच्याकडे बघत नव्हते.

"बस," ते म्हणाले. "हिच्यासमोर बोलता येत नाही. ही रडते, नाहीतर माझ्यावर चिडते. चूक माझीच आहे रे."

"तुमची कसली चूक?"

"पुठ्ठे पाच महिने वाकत होते. वरच्या फळीवरचेच. नवशिक्याला कळलं असतं की ओल वरून येतेय. स्टूल घेऊन गठ्ठे बाजूला करून एकदा बघायचं, एवढंच काम. आणि मी खळ शिजवत बसलो. हिलाही मी तसंच सांगितलंय, की मला बेसावधपणा भोवला. उद्या ही वरच्या मजल्यावर शिकवत असताना झालं असतं तर? मुलं असतात तिथे."

मला तिथून उठून जाता आलं असतं. ते स्वतःला दोष देत होते, ताई त्यांना दोष देत होती, आणि मला दोष द्यायचं कोणाच्या डोक्यातही नव्हतं. आणखी दोन आठवडे मूग गिळून बसलो असतो तर सगळं तसंच राहिलं असतं. पण त्यांनी बोलता बोलता डाव्या हाताने पांघरुणाची घडी घालायचा प्रयत्न केला. कडेला कड जुळवायचा, बाइंडरच्या सवयीने. ती जुळेना. ते पुन्हा पुन्हा जुळवत राहिले.

"भाऊजी, मी भिंत पाहिली होती."

"कुठली भिंत?"

"पियानोमागची. ओल होती. मोठा डाग होता. जमिनीची फळी काळी पडली होती."

त्यांचा हात थांबला. "कधी?"

"कव्हर बसवलं त्या दिवशी. परीक्षेच्या आधी."

शेजारच्या खाटेवरच्या माणसाने रेडिओ लावला आणि नर्सने येऊन तो बंद केला. भाऊजी मनात काहीतरी मागे मागे जात होते हे मला दिसत होतं, आणि ते कुठे जाऊन पोचणार हेही मला माहीत होतं.

"म्हणजे मी तुला पुठ्ठा दाखवला तेव्हा तू वरूनच आला होतास."

"हो."

"पाहून आला होतास."

"हो."

"मग खळ बरोबर होती," ते म्हणाले.

"बरोबर होती. पहिल्यापासून बरोबर होती."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं ते चिडतील, निदान चालता हो म्हणतील. त्यांनी चिडायला हवं होतं. ते फक्त फार थकलेले दिसले, आणि मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा म्हातारं पाहिलं.

"हिला तू सांग," शेवटी ते म्हणाले. "मी सांगितलं तर तिला पटायचं नाही. तू तिचा फार लाडका."

मी उभा राहिलो. खुर्चीत बसवेना. थोड्या वेळाने ताई आली, हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात डबा. जिने चढून तिला धाप लागली होती. तिने पिशवी खाटेखाली सारली, नवऱ्याचं पांघरूण नीट केलं, मग माझ्याकडे वळून माझा चेहरा पाहिला आणि डब्याचं झाकण उघडत विचारलं, "तू जेवलास का रे?"